गाजलेली कादंबरी आणि बदनाम झालेलं मासिक : बैरुतच्या 'हिवार'ची हकिगत

2025च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशांना दिली जाणारी मदत एकाएकी गोठवली, आणि जगभरातली किती छोटी वृत्तपत्रं, संकेतस्थळं, संस्था त्या पैशावर उभ्या होत्या ते चव्हाट्यावर आलं. आपल्याकडेही 'परदेशी पैसा' या विषयावर वाहिन्यांवर बरेच दिवस घमासान चाललं. त्यात ऐकू आलेली मतं ढोबळमानाने दोनच. पैसा घेतला म्हणजे माणूस विकला गेला, हे एक. काम चांगलं असेल तर पैसा कुणाचा याच्याशी आपल्याला काय करायचंय, हे दुसरं.

ही दोन्ही मतं तोकडी पडतात असं एक प्रकरण अरबी साहित्यात साठ वर्षांपूर्वी घडून गेलंय. लेबनॉनची राजधानी बैरुतमध्ये 'हिवार' नावाचं एक द्वैमासिक निघायचं. हिवार म्हणजे संवाद. नोव्हेंबर 1962 मध्ये ते सुरू झालं आणि 1967 मध्ये बंद पडलं. सुदानी लेखक तय्यिब सालिह यांची 'मौसिम अल-हिज्रा इला अश-शमाल' (उत्तरेकडे स्थलांतराचा हंगाम) ही कादंबरी पहिल्यांदा छापली ती या 'हिवार'ने, 1966 साली. 2001 मध्ये दमास्कसच्या अरबी साहित्य अकादमीने तिला विसाव्या शतकातली सर्वांत महत्त्वाची अरबी कादंबरी ठरवलं. परकी सत्ता निघून गेल्यावरही तिने माणसाच्या मनात केलेली पडझड कशी शिल्लक राहते, हे इतक्या धारदारपणे सांगणाऱ्या कादंबऱ्या कुठल्याच भाषेत फार नाहीत. आणि ती ज्या मासिकात आली त्याचा खर्च सीआयएच्या, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याच्या पैशातून भागत होता.

## बैरुतच का?

अरबी मासिकांचं माहेरघर खरं तर कैरो. 'अल-हिलाल' तिथे 1892 पासून निघतंय. पण 1952 मध्ये इजिप्तमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी राजाला घालवलं आणि पुढच्या काही वर्षांत हवा बदलली. वीस वर्षं गाजलेलं 'अर-रिसाला' 1953 मध्ये बंद झालं. मे 1960 मध्ये नासेर यांच्या सरकारने मोठी वृत्तपत्रं आणि प्रकाशनसंस्था सरळ सरकारी ताब्यात घेतल्या. लिहिणाऱ्यांना नोकऱ्या मिळाल्या, मानधन मिळालं, पण सरकारला न रुचणारं छापायची सोय उरली नाही.

बैरुतमध्ये ती सोय होती. छापखाने खाजगी, सेन्सॉर सैल, दोन जुनी विद्यापीठं, आणि 1948 मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर घरदार गमावून आलेले शिकलेसवरलेले पॅलेस्टिनी. सीरिया आणि इराकमध्ये सत्तापालट झाला की तिथले लेखकही इथेच येत. शिवाय लिखित अरबी सगळीकडे एकच, त्यामुळे बैरुतमध्ये छापलेला अंक बगदाद, खार्टूम, ट्युनिस असा कुठेही वाचला जायचा.

अडचण अशी की तो पोचेलच याची खात्री नसायची. एखाद्या देशाच्या सेन्सॉरने सीमेवर गठ्ठे अडवले की त्या अंकाची तिथली विक्री बुडाली. साहित्याच्या मासिकाला जाहिराती मिळत नाहीत आणि वर्गणीदार मोजके, हे दुःख आपल्या ओळखीचंच आहे. त्यामुळे निव्वळ विक्रीवर तगणं कठीण होतं. कुणी प्रकाशनसंस्थेच्या जोरावर चालायचं, कुणी मित्रांच्या खिशावर, कुणी सरकारच्या. कुवेतचं 'अल-अरबी' 1958च्या अखेरीस सुरू झालं ते तेलाच्या पैशातून, सरकारी खर्चाने, आणि स्वस्त असल्यामुळे घराघरांत गेलं.

## भांडण कशावरून होतं?

'हिवार' यायच्या आधी बैरुतमध्ये दोन मासिकांचा दबदबा होता. पहिलं 'अल-आदाब'. सॉर्बोनमध्ये डॉक्टरेट करून परतलेल्या सुहैल इद्रीस यांनी ते जानेवारी 1953 मध्ये काढलं. त्यांची भूमिका 'इल्तिझाम'ची, म्हणजे बांधिलकीची. लेखकाने आपल्या समाजाच्या लढ्यात उभं राहिलं पाहिजे, असा फ्रेंच विचारवंत सार्त्र यांचा आग्रह होता. इद्रीस यांनी तो अरबी एकजूट, वसाहतवादाला विरोध आणि पॅलेस्टाईन या तीन प्रश्नांशी जोडला. त्या पिढीतल्या बहुतेक मोठ्या नावांनी कधी ना कधी 'अल-आदाब'मध्ये लिहिलं.

दुसरं 'शिअ्र', म्हणजे कविता. युसुफ अल-खाल आणि अदोनिस यांनी 1957 मध्ये सुरू केलेलं. यांचं म्हणणं, कविता कुठल्याही पक्षाच्या दावणीला बांधायची नाही. त्यांनी गद्यकविता आणली, युरोप-अमेरिकेतले कवी अनुवादित केले, आणि 'तुम्ही परंपरेचे मारेकरी' अशा शिव्या खाल्ल्या.

आपल्याकडच्या 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' या वादाची आठवण होईल. पण बैरुतमध्ये त्याला एक जास्तीची धार होती. नासेर विरुद्ध पाश्चात्त्य देश, अमेरिका विरुद्ध सोव्हिएत संघ, या रस्सीखेचीत लेखक कुठे उभा आहे, असा त्याचा थेट अर्थ घेतला जायचा. 'मी फक्त कविता लिहितो' हेही एक राजकीय विधान मानलं जाई. सीआयएच्या पैशाला ज्या फटीतून आत शिरता आलं ती ही.

## 'हिवार' आणि त्याचे संपादक

तौफिक सायेघ यांचा जन्म 1923चा, दक्षिण सीरियातला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक. घर पुढे पॅलेस्टाईनमध्ये स्थिरावलं आणि 1948 मध्ये उठलं. सायेघ बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठात आणि हार्वर्डला शिकले, नंतर केंब्रिज आणि लंडनमध्ये अरबी शिकवू लागले. स्वतः कवी. 1954 मध्ये 'तीस कविता' हा त्यांचा पहिला संग्रह आला. वृत्त नाही, यमक नाही, आणि देवाशी, प्रेयसीशी, निर्वासितपणाशी घातलेले उघडेवाघडे वाद. इलियटच्या 'फोर क्वार्टेट्स'चा अरबी अनुवादही त्यांनी केला.

घरात राजकारण होतंच. भाऊ फायेझ सायेघ यांनी 1965 मध्ये पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचं संशोधन केंद्र उभारलं, त्याच बैरुत शहरात, ज्या काळात तौफिक 'हिवार'चे अंक काढत होते. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिका उघडपणे इस्रायलच्या पाठीशी होती, आणि पॅलेस्टिनी लढ्यात भाऊ गुंतलेला असलेला हा माणूस नकळत अमेरिकन गुप्तहेर खात्याच्या पैशाने मासिक चालवत होता.

मासिकाच्या मागे 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे हे त्यांनी लपवलं नव्हतं. तिचं नाव अंकावरच असायचं. पॅरिसला मुख्यालय, जगभरातले नामवंत विचारवंत सदस्य. ऑक्टोबर 1961 मध्ये याच संस्थेने रोममध्ये आधुनिक अरबी साहित्यावर परिषद भरवली होती आणि अदोनिस, अल-खाल, इराकी कवी बद्र शाकिर अस-सय्याब तिला गेले होते. सायेघ यांच्या दृष्टीने ही एक प्रतिष्ठित सांस्कृतिक संस्था होती. तिच्यामागे कोण आहे, ते अंकावर छापलेलं नव्हतं.

## पैसा नेमका कुठून कसा यायचा?

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात जी बंदुकीविना लढाई सुरू झाली तिला शीतयुद्ध म्हणतात. तिची एक आघाडी लेखक-कलावंतांची होती. युरोपातले कितीतरी विचारवंत डावीकडे झुकलेले. सोव्हिएत संघ त्यांना शांतता परिषदांना बोलवत होता. त्यावर उतारा म्हणून जून 1950 मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये एक मोठी सभा झाली आणि तिच्यातून ही काँग्रेस जन्मली. तिचा कारभार पाहणारे मायकेल जॉसेलसन सीआयएचे होते.

सीआयए थेट धनादेश देत नसे. एखादं दानशूर प्रतिष्ठान पुढे केलं जाई. फारफील्ड फाउंडेशन हे त्यातलं सर्वांत ठळक नाव. सीआयएचा पैसा त्या प्रतिष्ठानात, तिथून पॅरिसच्या काँग्रेसकडे, काँग्रेसकडून मासिकाच्या संपादकाकडे. शेवटच्या माणसाला दिसायची फक्त त्याच्या वरची एक पायरी.

आपल्या गल्लीतल्या गणेश मंडळाचं उदाहरण घ्या. एक व्यापारी दरवर्षी मोठी वर्गणी देतो, पावतीवर त्याचंच नाव. व्याख्यानमाला उत्तम होते, वक्त्यांना कुणी काही सांगत नाही, मानधन वेळेवर मिळतं. पाच वर्षांनी कळतं की ते पैसे निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या एका पुढाऱ्याचे होते, आणि आपल्या विरोधकांवर टीका करणारे वक्ते आधीच कुठेतरी गाजवायचे एवढाच त्याचा हिशोब होता. वक्ते खोटं बोलले नाहीत. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी पैसे खाल्ले नाहीत. तरीही सगळ्यांना फसवल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं बरोबर असतं.

अशी मासिकं काँग्रेसने जगभर पोसली. लंडनचं 'एन्काउंटर', पॅरिसचं 'प्रव्ह', ऑस्ट्रेलियाचं 'क्वाड्रंट'. युगांडातल्या कंपाला इथल्या, रजत नेओगी यांच्या 'ट्रान्झिशन'लाही तिची मदत मिळाली. 'हिवार' ही त्या मालिकेतली अरबी कडी.

## अंकात काय असायचं?

प्रचारपत्रक हाती लागेल या अपेक्षेने कुणी 'हिवार'चे अंक उघडले तर त्याची निराशा होईल. कथा, कविता, चित्रकला, रंगभूमी, समीक्षा, समाजशास्त्र. नव्या लेखकांना भरपूर जागा. आणि लिहिल्याचे पैसे मिळायचे, तेही त्या काळच्या मानाने चांगले. अरबी साहित्याच्या दुनियेत ही गोष्ट लहान नव्हती.

सय्याब यांची हकिगत इथे सांगायलाच हवी. अरबी कवितेला मुक्तछंदाकडे नेणाऱ्यांतलं हे आघाडीचं नाव. आधी कम्युनिस्ट, नंतर त्या पक्षाचे कडवे विरोधक. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला एका मज्जारोगाने त्यांचं शरीर हळूहळू निकामी होत चाललं. नोकरी गेली, पैसा नाही. काँग्रेसच्या मदतीने ते इंग्लंडला जाऊ शकले, तिथे उपचार झाले, आणि 'हिवार'साठीच्या कामातून थोडंफार उत्पन्न मिळालं. डिसेंबर 1964 मध्ये कुवेतमधल्या रुग्णालयात ते वारले. वयाची चाळिशीही गाठली नव्हती. या माणसाला 'तुम्ही कुणाचे पैसे घेतलेत?' असं विचारायचा धीर मला होत नाही. पण त्यांना ते कुणाचे आहेत हे सांगितलं गेलं नव्हतं, याचा राग मात्र येतो.

आणि मग 1966च्या उत्तरार्धातला तो जोडअंक, ज्यात तय्यिब सालिह यांची कादंबरी संपूर्ण छापली गेली. लेखक तेव्हा लंडनला, बीबीसीच्या अरबी विभागातले. कादंबरीतला निवेदक सात वर्षं युरोपात शिकून नाईलकाठच्या आपल्या गावी परततो. गावात एक अनोळखी माणूस येऊन राहिलाय, मुस्तफा सईद, शेतकरी. एका रात्री दारूच्या अंमलात तो सफाईदार इंग्रजीत कविता म्हणतो आणि निवेदक हादरतो. पुढे उलगडत जातं की हा सुदानच्या इंग्रजी शाळांतून निघालेला असामान्य बुद्धीचा मुलगा, लंडनमध्ये नावाजलेला अर्थतज्ज्ञ, आणि तिथल्या कितीतरी बायकांच्या उद्ध्वस्त आयुष्यांचं कारण. त्याच्या घरात एक कुलूपबंद खोली आहे. ती शेवटी उघडते तेव्हा दिसतात छतापर्यंत रचलेली पुस्तकं, शेकोटीची जागा, व्हिक्टोरियन खुर्च्या. नाईलकाठच्या रणरणत्या उन्हात एक आख्खी इंग्रजी बैठकीची खोली. अरबी भाषेतलं एकही पुस्तक नाही, कुराणसुद्धा इंग्रजीत.

हे छापायला पश्चिमेतल्या एका गुप्तहेर खात्याचा पैसा कामी आला.

## संशय आधी कुणाला आला?

'अल-आदाब'च्या गोटाने पहिल्यापासूनच बोंब मारली होती. कम्युनिझमविरोध हाच ज्या संस्थेचा पाया, तिचं अरबी मासिक तटस्थ कसं असेल, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या हातात पुरावा नव्हता आणि टीकेत स्पर्धकाची असूयाही होती. पण प्रश्न रास्त होता. सायेघ यांच्याबद्दल मला कितीही माया वाटली तरी हे मान्य करावं लागतं.

1965 मध्ये 'हिवार'ने इजिप्तचे मोठे कथाकार युसुफ इद्रीस यांना आपलं पारितोषिक जाहीर केलं. (सुहैल इद्रीस वेगळे, हे वेगळे.) रक्कम भरघोस होती. कैरोच्या वृत्तपत्रांत गदारोळ उठला आणि युसुफ इद्रीस यांनी ते नाकारलं. मासिकाची पत तिथून घसरायला लागली.

एप्रिल 1966 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने सीआयएवर लेखमाला छापली आणि तिच्यात काँग्रेसचं नाव आलं. इजिप्तने त्याच वर्षी 'हिवार'वर बंदी घातली. काँग्रेसचे पदाधिकारी अजून इन्कार करत होते. तय्यिब सालिह यांची कादंबरी आली ती या वादळाच्या ऐन मध्यावर.

मार्च 1967 मध्ये 'रॅम्पार्ट्स' या अमेरिकन मासिकाने तिथल्या विद्यार्थी संघटनेला मिळणारा सीआयएचा पैसा उघडकीला आणला आणि धागा उसवत गेला. मे महिन्यात पॅरिसला काँग्रेसची सभा भरली, जॉसेलसन यांनी कबुली दिली. काही दिवसांतच सीआयएचे माजी अधिकारी टॉम ब्रेडन यांनी एका लोकप्रिय साप्ताहिकात हे सगळं अभिमानाने लिहून टाकलं. लंडनमध्ये 'एन्काउंटर'मधून कवी स्टीफन स्पेंडर बाहेर पडले.

काँग्रेसने नाव बदललं आणि फोर्ड फाउंडेशनच्या उघड पैशावर काम पुढे नेलं. सायेघ यांनी 'हिवार' बंद केलं. त्यानंतर काही आठवड्यांत, 5 जून 1967 रोजी, युद्ध पेटलं. सहा दिवसांत इस्रायलने वेस्ट बँक, गाझा, सिनाई आणि गोलान घेतलं. एका मासिकाची बाजू शांतपणे ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत तेव्हा कुणीच नव्हतं.

## संपादकाला खरंच माहीत नसेल?

हा प्रश्न हटकून येतो आणि तो रास्त आहे. एवढे पैसे येतात, वर्षानुवर्षं आरोप होतात, आणि शिकलेल्या माणसाला वास येत नाही?

संशय त्यांच्या कानावर नक्कीच गेला होता. कुजबुज सगळीकडे होती. पण संशय असणं आणि ठाऊक असणं यांत फार अंतर आहे. ही व्यवस्था संपादकाला काही कळू नये अशाच बेताने रचलेली होती. सायेघ यांच्याविरुद्ध मला सर्वांत जड वाटणारा मुद्दा वेगळा आहे: आरोप होत असताना त्यांनी काँग्रेसच्या शब्दावर विसंबून राहायचं ठरवलं. मनासारखं काम मिळालेला माणूस असे प्रश्न पुढे ढकलतो. आणि त्यांच्या बाजूने सर्वांत जड मुद्दा हा की कबुली मिळताच, पर्यायी पैशाची सोय असतानाही, त्यांनी मासिक चालू ठेवलं नाही.

## मग लेखक विकले गेले का?

सीआयएने कुणाला ओळ न ओळ सांगून लिहून घेतलं, असं 'हिवार'बाबत दिसत नाही. पण 'मजकुरात ढवळाढवळ झाली नाही, म्हणजे पैशाचा परिणाम झाला नाही' हा बचाव मला पटत नाही.

पैशाने पहिली गोष्ट ठरवली ती कोण टिकेल ही. एका बाजूला चांगल्या कागदावर, वेळेवर निघणारं, मानधन देणारं मासिक. दुसऱ्या बाजूला पदरमोड करून काढलेलं. स्पर्धा बरोबरीची राहत नाही. दुसरं, काय छापायचं नाही याचा एक अलिखित अंदाज तयार होतो. 'एन्काउंटर'मध्ये ते उघड दिसलं: 1958 मध्ये ड्वाइट मॅक्डोनाल्ड यांचा अमेरिकन समाजावर झोड उठवणारा लेख आधी स्वीकारून नंतर नाकारला गेला. तिसरी गोष्ट मला सर्वांत खोलवरची वाटते. राजकारणापासून अलिप्त राहणारा लेखक म्हणजे स्वतंत्र लेखक, ही कल्पनाच पैसे देणाऱ्याच्या सोयीची होती. तो लेखक अमेरिकेची स्तुती करत नसला तरी चालायचं. तो 'अल-आदाब'च्या मांडवात गेला नाही एवढं पुरे होतं.

पण या हिशोबात एक गोष्ट बसत नाही, आणि ती म्हणजे खुद्द कादंबरी. पैसे देणाऱ्याला अलिप्त साहित्य हवं होतं; त्याच्या पैशातून पश्चिमेच्या वर्चस्वाचा पंचनामा करणारी कादंबरी बाहेर पडली. चांगला संपादक मजकूर निवडतो तेव्हा निवड त्याची असते, आणि सायेघ चांगले संपादक होते. ज्या कैरोत 'हिवार'वर बंदी आली, तिथल्याच 'दार अल-हिलाल'ने 1969 मध्ये ही कादंबरी आपल्या मालिकेत छापली. कादंबरीला डाग लागला नाही. डाग लागला तो संपादकाला.

मला या सगळ्यात सर्वांत मोठा अन्याय दिसतो तो लपवालपवीचा. पैसे सीआयएचे आहेत हे माहीत असतं तर कुणी ते घेतले असते, कुणी नाकारले असते. युसुफ इद्रीस यांना निदान संशयावरून नकार देता आला. इतरांच्या हातातून हा निर्णय त्यांना न विचारता काढून घेतला गेला, तोही सांस्कृतिक 'स्वातंत्र्या'च्या नावाखाली.

## दुसऱ्या बाजूचे पैसे चालतात का?

बोट फक्त अमेरिकेकडे का, असं कुणी विचारेल. इजिप्तची मासिकं सरकारी पैशावर चालत होती आणि सरकारला नको ते छापत नव्हती. 1968 पासून आफ्रो-आशियाई लेखक संघाचं 'लोटस' हे नियतकालिक अरबी, इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये निघू लागलं. त्याला सोव्हिएत गटाचं पाठबळ होतं आणि छपाई पूर्व जर्मनीत व्हायची. संपादक युसुफ अस-सिबाई यांची 1978 मध्ये सायप्रसला हत्या झाली. त्यानंतर ती धुरा फैज अहमद फैज यांच्याकडे आली. 'लोटस' मग बैरुतमधून निघायला लागलं आणि 1982 मध्ये इस्रायलचं सैन्य लेबनॉनमध्ये घुसेपर्यंत फैज तिथे होते.

'लोटस'लाही मोठ्या सत्तेचाच आधार होता आणि सोव्हिएत तुरुंगात डांबलेल्या लेखकांसाठी त्याने आवाज उठवावा अशी अपेक्षा कुणी केली नसती. तिथेही गप्प बसण्याची किंमत वसूल होत होतीच. फरक एवढा, आणि तो लहान नाही, की 'लोटस' हाती घेणाऱ्याला त्यामागे कोण आहे हे ठाऊक असायचं. वाचताना त्याला तेवढा भाग मनातल्या मनात वजा करता यायचा.

## मुंबईचा धागा

काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडमची आशियातली पहिली मोठी परिषद मार्च 1951 मध्ये मुंबईत झाली. आधी ती दिल्लीत व्हायची होती, पण नेहरू सरकारला राजधानीत ती नको होती. कवी ऑडन आणि स्पेंडर आले होते. जयप्रकाश नारायण आणि मिनू मसानी पुढाकारात होते. संस्थेची भारतीय शाखा मुंबईतच रुजली. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर तिने 'क्वेस्ट' हे इंग्रजी नियतकालिक काढलं, पहिले संपादक निसिम एझिकेल. पुढे त्याची सूत्रं अ. भि. शहा यांच्याकडे आली. हमीद दलवाईंचे सहकारी आणि इंडियन सेक्युलर सोसायटीचे संस्थापक म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतात. दिलीप चित्रे 'क्वेस्ट'मध्ये लिहीत; पुढे त्याच्या उत्तराधिकारी 'न्यू क्वेस्ट'चे ते संपादक झाले.

1967च्या गौप्यस्फोटाची झळ मुंबईलाही लागली, पण 'क्वेस्ट' टिकलं. ते बंद पडलं 1976 मध्ये, आणीबाणीच्या काळात. तेच खातं, तीच संस्था, मग बैरुतचं मासिक मेलं आणि मुंबईचं का जगलं? माझ्या मते कारण वाचकांच्या परिस्थितीत आहे. मुंबईतल्या वाचकाला सीआयएचं नाव खटकलं, पण त्याचं गाव कुणी घेतलं नव्हतं. बैरुतमध्ये 'हिवार' वाचणाऱ्यांत निर्वासित छावण्यांतून शिकून वर आलेली पोरं होती. त्यांच्याकडून 'मजकूर तर चांगला होता ना' या उत्तरावर समाधान मानण्याची अपेक्षा करणं क्रूरपणाचं ठरलं असतं.

## पुढे काय झालं आणि आज काय वाचता येतं?

सायेघ अमेरिकेत गेले. बर्कलीच्या विद्यापीठात शिकवू लागले आणि 1971च्या जानेवारीत तिथेच वारले, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. मासिकाच्या वादामुळे त्यांची कविता बराच काळ मागे पडली. आता अरबी गद्यकवितेच्या इतिहासात तिला पुन्हा मानाचं स्थान मिळतंय.

'अल-आदाब' मात्र लेबनॉनच्या यादवी युद्धातूनही तगलं. सुहैल इद्रीस 2008 मध्ये गेले, त्यांचे पुत्र समाह यांनी ते चालवलं. छापील अंक 2012 मध्ये थांबला आणि 2015 पासून ते इंटरनेटवर आलं.

तय्यिब सालिह यांच्या कादंबरीचा डेनिस जॉन्सन-डेव्हिस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 1969 पासून उपलब्ध आहे आणि आजही सहज मिळतो. दीडेकशे पानांचं पुस्तक आहे, दोन बैठकांत होतं. अरबी येत असेल तर इंटरनेटवरच्या अरबी नियतकालिकांच्या संग्रहांत 'हिवार'चे जुने अंकही पाहायला मिळतात.